मंद्रातला मारवा

इंदूरच्या आमच्या घरी बैठकीच्या दोन कोपऱ्यांत स्पीकरच्या कमरेएवढ्या दोन सागवानी पेट्या आहेत. १९८१ साली नानांनी त्या आणल्या तेव्हा मी सातवीत होतो. आईच्या पाटल्यांसाठी साठवलेले पैसे त्यांत गेले. आई काही बोलली नाही. पण कित्येक महिने तिने त्यांवरची धूळ पुसली नाही.

नानांच्या या वेडाचे कारण उस्ताद अमीर खाँ. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी वादक होते, त्यामुळे खाँसाहेब आम्हां इंदूरकरांना घरचेच. बंदिश ब्रज वळणाची, ऐकणारे मराठी. घरात मराठी नि दारात हिंदी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात वावगे ते काय वाटावे? १९७४ साली कलकत्त्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले. मागे उरल्या त्या तबकड्या.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. विलंबित ख्याल त्यात मावणार कसा? लाँगप्ले आली नि ती अडचण सरली. १९६० साली एचएमव्हीने खाँसाहेबांची तबकडी काढली : एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी, प्रत्येकी वीस मिनिटांहून अधिक.

पण खाँसाहेबांचा खरा मुक्काम मंद्र सप्तकात. तिथला सूर म्हणजे हवेची मोठी, संथ हालचाल. ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरला ती झेपत नाही. शिवाय उघड्या स्पीकरच्या कागदी शंकूपुढची नि मागची लाट एकमेकींना मारतात. मोठी पेटी मागची लाट कोंडून धरते. शाळेत ध्वनीचा धडा शिकवताना मी आजही आमच्या पेट्यांचाच दाखला देतो. पहिल्या संध्याकाळी मारवा लागला, तेव्हा आई हातातले लाटणे तसेच घेऊन दारात उभी राहिली होती.

पुढे शंकूंच्या कडांचा फोम विरला. भंगारवाला पेट्या मागून गेला; मी एका म्हाताऱ्या कारागिराकडून नव्या कडा बसवून घेतल्या. तोवर नानांना ऐकू येणे जवळपास थांबले होते. तबकडी लावली की ते खुर्ची ओढून पेटीशेजारी बसत आणि लाकडावर तळहात टेकवीत. खाँसाहेब मंद्रात उतरले की त्यांची मान हलू लागे. वर गेले की ते वाट पाहत थांबत.

नानांना जाऊन नऊ वर्षे झाली. पेट्यांवरची धूळ आई रोज पुसते.