सूर्यनमस्कार व योगाभ्यास : औंध–माणदेशातील प्रसार

सूर्यनमस्कार व योगाभ्यास, औंध–माणदेशातील : सूर्याच्या बारा नावांचा उच्चार करीत ठराविक क्रमाने व श्वासोच्छ्‌वासाच्या मेळाने शरीर वाकविणे, ताणणे व साष्टांग नमन करणे या क्रियांच्या आवर्तनास सूर्यनमस्कार म्हणतात. हा मूळचा उपासनेचा एक प्रकार असून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला नित्य व्यायामाचे व आरोग्यसाधनाचे स्वरूप आले. या परिवर्तनात सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (२४ ऑक्टोबर १८६८–१३ एप्रिल १९५१) यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्याच काळात लोणावळे येथे स्वामी कुवलयानंद यांनी योगक्रियांची शास्त्रीय तपासणी सुरू केली. नियमित योगाभ्यासाने आरोग्य सुधारते, या आज सर्वपरिचित असलेल्या विधानाचा महाराष्ट्रातील इतिहास या दोन प्रवाहांचा मिळून बनलेला आहे.

प्रदेश : औंध हे खटाव तालुक्यात आहे. त्याच्या पूर्वेस माण तालुका लागतो. त्या तालुक्यातील म्हसवड हे माणगंगेच्या काठचे, सिद्धनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले जुने बाजारपेठेचे गाव होय. म्हसवडच्या आग्नेयेस आटपाडी हा औंध संस्थानचा महाल होता. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल व विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे विखुरलेले भाग होते व एकूण क्षेत्रफळ सुमारे १,३०० चौ. किमी. होते. म्हसवड मात्र इंग्रजी अंमलाखालील सातारा जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे संस्थानी व खालसा मुलूख येथे एकमेकांत गुंतलेले होते. पर्जन्यछायेतील हा सर्व टापू अवर्षणप्रवण आहे. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर म्हसवडजवळ राजेवाडीचा मोठा तलाव बांधण्यात आला, ही गोष्ट या प्रदेशाच्या परिस्थितीची द्योतक आहे. पीकपाणी बेभरवशाचे, दवाखाने विरळ व रोख पैसा दुर्मिळ अशा मुलखात ज्याला साधन लागत नाही, जागा फार लागत नाही व खर्च मुळीच येत नाही, अशा व्यायामाचे महत्त्व विशेष होते.

पूर्वपीठिका : ऋग्वेदातील सूर्यविषयक तीन ऋचांच्या समूहाचा म्हणजे तृचाचा विनियोग करून नमस्कार घालण्याचा तृचाकल्पविधी महाराष्ट्रात व कर्नाटकात पूर्वापार चालत आलेला आहे. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत, अशी सांप्रदायिक परंपरा सांगते. तालमीतील जोर व दंड यांच्या हालचालींशीही नमस्कारांचे जवळचे साम्य आहे. त्यामुळे देवघरातील उपासना व आखाड्यातील मेहनत यांच्या सीमेवर हा प्रकार दीर्घकाळ नांदत आला, असे म्हणता येते.

हठयोगाच्या मध्ययुगीन ग्रंथांत मात्र सूर्यनमस्कारांचा आसन म्हणून समावेश नाही. उलट हठयोगप्रदीपिकेवरील ज्योत्स्ना या टीकेत ब्रह्मानंद यांनी पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे वा जड ओझी वाहणे यांसारख्या कायाक्लेशकारक क्रिया योगाभ्यासकाने टाळाव्यात, असे सुचविले आहे. विसाव्या शतकातही १९१८ मध्ये योगसंस्था स्थापन करणारे श्रीयोगेंद्र यांनी नमस्कारांची योगाशी सरमिसळ करण्यास विरोध दर्शविला. आज योगवर्गांत सूर्यनमस्कार हे योगाचे अविभाज्य अंग मानले जाते, ती स्थिती अलीकडची आहे.

भवानरावांचे कार्य : भवानराव हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार व कलासंग्राहक होते. तरुणपणी त्यांनी यूजेन सँडो या पाश्चात्त्य बलोपासकाच्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेचे अधिपती असलेल्या स्नेह्यांच्या प्रेरणेने १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यानंतर १९०९ मध्ये ते गादीवर आले. केवळ स्नायू फुगविणाऱ्या व्यायामापेक्षा श्वसन, पचन व पाठीचा कणा यांना एकाच वेळी चालना देणारा व्यायाम श्रेष्ठ, असे त्यांचे मत बनले होते. सँडोच्या पद्धतीतील नित्यनेम, मापन व स्वतःच्या शरीराकडे बारकाईने पाहण्याची दृष्टी मात्र त्यांनी सोडली नाही. उपासनेच्या जुन्या विधीला मिळालेली ही आधुनिक व्यायामशास्त्राची जोड औंध पद्धतीचे वैशिष्ट्य ठरली.

औंध पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती मानल्या जातात. हात जोडून ताठ उभे राहणे, गुडघे न वाकविता पुढे वाकून तळहात जमिनीला टेकविणे, एक पाय मागे नेऊन मान वर करणे, दुसराही पाय मागे नेणे, साष्टांग नमन, छाती उचलून पाठीची कमान करणे, व नंतर पहिल्या चार स्थिती उलट क्रमाने करून पुन्हा उभे राहणे, असा हा क्रम आहे. साष्टांग स्थितीत दोन पावले, दोन गुडघे, दोन तळहात, छाती व कपाळ ही आठ अंगे भूमीला टेकतात. पोट टेकू द्यावयाचे नसते. एकदा टेकविलेले तळहात शेवटपर्यंत जागचे हलवू नयेत, यावर विशेष भर असे. आज रूढ असलेली बारा अंकांची पद्धती ही याच क्रमाचे विस्तारित रूप होय.

मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सवितृ, अर्क व भास्कर या बारा नावांपूर्वी ह्रां, ह्रीं इ. बीजाक्षरे उच्चारण्याचा प्रघात आहे. धार्मिक अर्थ बाजूला ठेवला, तरी या उच्चारांच्या स्पंदनांनी घसा व छाती यांना लाभ होतो, असे भवानरावांचे प्रतिपादन होते. व्यायामाबरोबरच साधा व सकस आहार, मोड आलेली कडधान्ये, कच्चा भाजीपाला तसेच चहा व तंबाखूचा त्याग यांचाही त्यांनी आग्रह धरला. राजघराण्यातील स्त्रिया व मुलेही नमस्कार घालीत. स्त्रियांना व्यायाम वर्ज्य मानणाऱ्या त्या काळातील समाजात हे उदाहरण महत्त्वाचे होते.

संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. १९२८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कार हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये भवानराव इंग्लंडला गेले असता लुईस मॉर्गन या पत्रकार महिलेने न्यूज क्रॉनिकल या दैनिकातून त्यांच्या पद्धतीचा परिचय करून दिला व तिच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. त्यामुळे माणदेशाच्या सीमेवरील एका लहान संस्थानातील व्यायामपद्धती पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचली. वेदाभ्यासक पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) यांचे स्वाध्याय मंडळही त्या काळात औंध येथेच होते व आसनांच्या प्रसारात त्यांच्या लेखनाचाही वाटा आहे.

सक्ती, स्वावलंबन व मर्यादा : भवानरावांच्या दृष्टीने प्रजेचे शरीरस्वास्थ्य हा राज्यकारभाराचा भाग होता. याच भूमिकेतून औंधमध्ये इतरही प्रयोग झाले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली ग्रामपंचायतींवर आधारित राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये अंमलात आली, तर आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत त्याच वर्षी सुरू झाली. एकीकडे राजाने आपले अधिकार प्रजेकडे सोपविले, तर दुसरीकडे मुलांना रोज नमस्कार घालावयास लावले, यात वरवर विसंगती दिसते. तथापि दोहोंमागे स्वावलंबनाचीच कल्पना होती : गावाने आपला कारभार पाहावा व व्यक्तीने आपले शरीर सांभाळावे.

या विचाराला एक मर्यादाही होती. नमस्कारांनी बहुतेक सर्व रोग टळतात, असा दावा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांच्या लेखनात आढळतो. अवर्षणग्रस्त प्रदेशात अनारोग्याची प्रमुख कारणे अपुरे अन्न, दूषित पाणी व साथीचे रोग ही होती. ती व्यायामाने दूर होण्यासारखी नव्हती. शिवाय नियमित व्यायामाबरोबर आहार, व्यसनत्याग व शिक्षकांची देखरेख या गोष्टीही येत असल्याने लाभापैकी नेमका किती भाग नमस्कारांचा, हे केवळ अनुभवकथनावरून ठरविता येत नाही. त्यासाठी तुलना व मापन यांची गरज होती.

शास्त्रीय तपासणी : ही गरज ओळखून काम करणारांत स्वामी कुवलयानंद (मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) हे अग्रेसर होत. बडोदे येथे राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे व पुढे माळसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक सुरू झाले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी आतड्यातील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांनी दाबमापकाच्या साहाय्याने दाखविले. क्ष-किरण चित्रांचाही त्यांनी उपयोग केला. गांधींनी १९२७ मध्ये आपल्या प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला होता. यौगिक क्रिया शाळांतून सामुदायिक रीत्या घेता याव्यात, यासाठीही त्यांनी अभ्यासक्रम तयार केले.

पुढील पिढीतील संशोधनाने काही समजुती खोडून काढल्या. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेंगर, बागची व आनंद यांच्या अभ्यासात, हृदय थांबविण्याचा प्रयोग करणाऱ्या योग्यांचे हृदय प्रत्यक्षात थांबत नसून छातीतील दाब वाढल्याने नाडी व हृदयध्वनी क्षीण होतात, असे दिसून आले. अशा चमत्कारांवरील भर कमी होऊन सामान्य माणसाच्या नित्य अभ्यासाकडे लक्ष वळले, हे या संशोधनाचे हितकर फल होय.

आरोग्यविषयक फल : सूर्यनमस्कारांत पाठीचा कणा आळीपाळीने पुढे व मागे वाकतो, खांदे, मनगटे व पाय यांवर शरीराचा भार येतो आणि पोटाचे स्नायू सतत काम करतात. सलग व जलद घातल्यास नाडीचा वेग वाढून मध्यम प्रकारच्या व्यायामाइतका भार हृदयावर पडतो. सावकाश घातल्यास लवचिकता व श्वसननियमन यांवर भर राहतो. मंत्रोच्चाराने श्वसनाचा वेग मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरतो व रक्तदाब-नियमनाच्या प्रतिक्षेपी क्रियेची संवेदनक्षमता वाढते, असे बेर्नार्दी व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात आढळले. भवानरावांच्या उच्चारविषयक प्रतिपादनाच्या संदर्भात हा निष्कर्ष लक्षणीय आहे.

नियमित योगाभ्यासाचा सर्वांत चांगला पुरावा दीर्घकालीन कंबरदुखीच्या बाबतीत मिळतो. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यक संघटनेने औषधाविना करावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला. कॉक्रेन समीक्षेनुसार तीन ते सहा महिन्यांच्या अभ्यासाने हालचालींची क्षमता काही प्रमाणात सुधारते. काहींची कंबरदुखी मात्र वाढते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, चिंता व निद्रानाश यांतही साहाय्यक उपाय म्हणून लाभ दिसतो. तथापि अनेक अभ्यास लहान व अल्पकालीन असल्याने औषधोपचाराला पर्याय म्हणून योगाचा विचार करता येत नाही. भारतातील २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योगाधारित पुनर्वसनाने रुग्णांचे स्वास्थ्य व दैनंदिन कामांकडे परतण्याचे प्रमाण सुधारले. मृत्यू वा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही.

काचबिंदू, अंतर्गळ, अनियंत्रित रक्तदाब, कण्याचे किंवा मनगटाचे विकार असलेल्यांनी तसेच गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यानेच अभ्यास करावा. काचबिंदूच्या रुग्णास डोके खाली येणाऱ्या स्थिती विशेष अपायकारक ठरू शकतात, कारण त्यांत डोळ्यांतील दाब वाढतो. थोड्या संख्येने आरंभ करून हळूहळू वाढ करणे, पोट रिकामे असताना अभ्यास करणे व शेवटी शवासनात विश्रांती घेणे हे सर्वसाधारण नियम होत.

उत्तरकाल : ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. औंध सातारा जिल्ह्यात राहिले. आटपाडी व कुंडल हे भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले व १९६० पासून तो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो. संस्थानाबरोबर राजाज्ञेची सक्ती संपली, पण नमस्कारांचा प्रघात महाराष्ट्रातील शाळा, व्यायामशाळा व घरे यांतून टिकून राहिला. रथसप्तमीस सामुदायिक सूर्यनमस्कार घातले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी संमत केलेल्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. वर्षातून एक दिवस होणाऱ्या अशा समारंभांनी योगाची ओळख होते. आरोग्यलाभ मात्र नित्याच्या अभ्यासानेच होतो. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम प्रकारचा व्यायाम प्रौढांनी करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. रोज पहाटे थोडे, पण खंड न पाडता, हा औंधच्या शाळांतील दंडक या शिफारशीशी मुळातच सुसंगत होता.