निळीचं माहेर

रविवारी सकाळी भाची दारात उभी राहिली ती खांद्यापर्यंतचे मोरपिशी निळे केस घेऊनच. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, चष्मा वर सरकवला, एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "काय गं, निळीच्या बादलीत डोकं बुडवलंस की काय?" आम्ही सगळ्याच हसलो. पण या रंगाचं कूळ शोधायला बसले तेव्हा पहिलीच गाठ पडली ती निळीशी.

संस्कृतातला 'नील' अरबीत गेला आणि 'अन्-नील' झाला. अरबांकडून तो पोर्तुगीजांकडे पोचला तेव्हा 'अनिल' होता. गोव्याहून लिस्बनकडे निघालेल्या जहाजांत मिऱ्यांच्या जोडीनं नीळही असायची, म्हणजे माल आणि शब्द दोन्ही आपल्याच बाजूचे. १८२६ साली उन्व्हरडॉर्बेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव काढला. १८३४ मध्ये रुंगेला तसलाच द्रव दगडी कोळशाच्या डांबरात सापडला. १८४० मध्ये फ्रित्शेनं तो पुन्हा निळीतून काढला आणि 'अनिल'वरून त्याचं नाव ठेवलं अनिलीन. तिघांना वाटत होतं, आपला पदार्थ वेगळा. १८४३ मध्ये हॉफमननं दाखवून दिलं की बाळ एकच आहे, बारशी मात्र अनेक झालीत. टिकलं ते निळीच्या नावाचं.

या हॉफमनचा लंडनमधला विद्यार्थी विल्यम पर्किन. १८५६ ची ईस्टरची सुट्टी, वय वर्षं अठरा. घरच्या प्रयोगशाळेत तो क्विनीन, म्हणजे हिवतापाचं औषध, करायला बघत होता. अनिलीनवर प्रयोग केला, तर हाती आला काळा गाळ. भांडं धुवायला अल्कोहोल ओतलं आणि गाळातून जांभळा रंग उतरला. रेशमाचा तुकडा त्यात रंगवला, तो धुतल्यावरही तसाच राहिला. पुढे रंगांची रांगच लागली. आमच्या लहानपणी तोंड आलं की जिभेवर फासायचं ते जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, त्याच गोतावळ्यातलं.

केसांपर्यंत ही मंडळी पोचली ती काळ्या रंगाच्या वाटेनं. पॅरा-फेनिलीनडायअमीन असं लांबलचक नाव असलेली, पीपीडी म्हणून ओळखली जाणारी अनिलीनची नातलग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केसांच्या रंगात आली. १९०७ मध्ये युजीन श्युलर या फ्रेंच तरुणानं आपला रंग बनवला आणि पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. १९०९ मध्ये कंपनी काढली, तिच्या नावातच 'केसांचे निरुपद्रवी रंग' असे शब्द घातले. नावातच 'निरुपद्रवी' सांगावं लागतं, तेव्हा ग्राहकाच्या मनात काय चाललं असेल ते ओळखावं. तीच कंपनी पुढे लोरेआल झाली. आणि शंका अगदीच फुकाची नव्हती. पीपीडीनं काही जणांच्या कातडीला चांगलीच ॲलर्जी येते, म्हणून तर पाकिटावर 'आधी कानामागे लावून बघा' असं छापलेलं असतं. ते वाचतं कोण, हा भाग वेगळा.

माझ्या वडिलांचा कलप याच जातीचा. महिन्यातून एकदा स्टीलच्या जुन्या वाटीत पावडर कालवायची, बाद झालेल्या टूथब्रशनं कल्ल्यांना लावायची, खांद्यावर पेपर घेऊन गॅलरीत बसायचं. दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यावरून आई त्यांच्यावर करवादायची. त्या वाटीत चालायचं ते असं: पीपीडीचे रेणू लहान, जवळजवळ बिनरंगी. ते केसात शिरतात, आत एकमेकांना चिकटून मोठे आणि काळे होतात. मग आल्या वाटेनं बाहेर पडता येत नाही. म्हणून कलप टिकतो. पण या वाटेनं काळा, तपकिरी, लालसर एवढंच साधतं. मोरपिशी साधत नाही.

मोरपिशीसाठी रेणू मुळातच रंगीत लागतो आणि तो बसायला पाटी कोरी लागते. पाटी पुसायचं काम हायड्रोजन पेरॉक्साइडचं. तेनार या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते १८१८ मध्ये शोधलं आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते वापरून केस सोनेरी करून दाखवण्यात आले. पार्लरमध्ये आजही 'वीस व्हॉल्यूम', 'तीस व्हॉल्यूम' असं म्हणतात. वीस व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन सुटेल एवढा जोर, सुमारे सहा टक्के.

आपल्या काळ्या केसांवर हे पुसणं कसं दिसतं, ते भाचीच्या दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर पार्लरमध्ये गेले तेव्हा पाहिलं. (पहिल्या वेळी तिनं मैत्रिणीच्या बाथरूममध्ये स्वतःच उद्योग केला होता. पुढे पिवळं, मागे नारिंगी, मांजरासारखं.) पार्लरवाल्या ताईंनी बटा फॉईलमध्ये गुंडाळल्या. दहा मिनिटांनी एक पुडी उघडली तर आत विटकरी रंग. मग तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा. ताई थांबल्या ते बट केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी फिकट झाल्यावर. वास असा की डोळे चुरचुरले. नारिंगीवरच निळा लावला असता तर काय झालं असतं, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "शेवाळ."

असे भडक रंग पूर्वी रंगभूमीवरच शोभायचे. रस्त्यावर आणले ते पंक पोरांनी. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवर टिश आणि स्नूकी बेलोमो या गायिका बहिणींनी 'मॅनिक पॅनिक' नावाचं दुकान थाटलं आणि गुलाबी, हिरवे, निळे केसांचे रंग विकायला ठेवले. त्याच साली इंग्लंडमध्ये 'क्रेझी कलर' आला. सभ्य लोकांना धक्का बसावा, एवढाच उद्देश. आज तोच रंग लावून भाची बँकेच्या ॲपचं काम बघते आणि कोणाला धक्काबिक्का काही बसत नाही. आईचा अपवाद.

आता या पुसापुशीत गेलेली चकाकी. केसाच्या अंगावर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक. त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ थर असतो. कौलं सपाट असली की उजेड नीट परततो आणि केस चमकतो. पेरॉक्साइड तो थर नेतं, कौलं उचकटतं आणि केसाच्या अंगावर ऋणभार वाढवतं. गंमत अशी की भडक रंगांतल्या बऱ्याच रेणूंवर धनभार असतो, म्हणून ते अशाच केसाला घट्ट बिलगतात. केसाची जी खोड चकाकी घालवते, तीच रंग धरून ठेवते. आणि कंडिशनरही याच खोडीवर जगतो. त्यातले रेणूही धनभारित, कापड मऊ करणाऱ्या रसायनांचे सख्खे भाऊबंद. ते जिथे जास्त बिघडलंय तिथे जाऊन जास्त बसतात.

ताईंनी दिलेल्या सूचनांचा उलगडाही इथेच होतो. गरम पाण्यानं केस फुगतो आणि रंग सुटतो, म्हणून कोमट नाहीतर गार पाणी. रोज शांपू नको. पोहायच्या तलावातलं क्लोरीन नको. खोबरेल तेलाबद्दल त्यांनी नाक मुरडलं, कारण तेलानं असा रंग लवकर उतरतो म्हणे. पण मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोघा संशोधकांचा २००३ चा अभ्यास सांगतो की न्हाण्याआधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रथिन वाहून जाण्यापासून वाचवतं, ब्लीच केलेल्या केसातलंसुद्धा. मी तेलाच्या बाजूची. रंग काय, पुन्हा लावता येतो.

दीड महिन्यानं निळा उतरला आणि खालचा पिवळट केस दिसायला लागला, तेव्हा भाचीनं जांभळा शांपू आणला. पिवळ्याला जांभळा मारतो, म्हणाली.

"म्हणजे नीळच की," आई म्हणाली. पांढरे सदरे पिवळे पडू नयेत म्हणून तिनं आयुष्यभर शेवटच्या बादलीत तेच केलेलं.

भाचीनं बाटली थेट डोक्यावर धरली, तशी आई मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. "अगं, थांब. नीळ कधी कपड्यावर ओततात का? डाग पडतील. आधी मगात ढवळ."

भाचीनं मग पुढे केला. आईनं त्यात दोन बोटं फिरवली, पाणी उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाली, "अजून थोडं पाणी घाल."