अल्सरेटिव्ह कोलायटिस : दाहशामक औषधे आणि त्यांची शिस्त

शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली की आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीवर जातो, दुसरा आमांशावर. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचे एक-दोन कोर्स होतात आणि कित्येक महिने निघून जातात. अशा रुग्णांपैकी काहींना प्रत्यक्षात अल्सरेटिव्ह कोलायटिस हा विकार असतो. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावरच उलटते. गुदाशयापासून सुरू झालेला दाह सलगपणे वर पसरत जातो. विकार काही काळ शांत राहतो आणि मग पुन्हा उफाळतो.

सौम्य व मध्यम स्वरूपाच्या उफाळ्यात मुख्य भिस्त असते ती मेसालामाइन अर्थात फाइव्ह-एएसए या औषधावर. त्याचा इतिहास रंजक आहे. स्वीडनमधील डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास सल्फासॅलाझीन हे संयुग वापरात आणले ते संधिवातासाठी; आतड्याच्या दाहावर त्याचा गुण नंतर दिसला. त्यातील नेमका कोणता घटक काम करतो, हे ऑक्सफर्डमध्ये आझाद खान आणि ट्रुलव्ह यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. गुण फाइव्ह-एएसएचा होता. डोकेदुखी, मळमळ यांसारखा बराचसा त्रास मात्र त्याला जोडलेल्या सल्फाचा.

निव्वळ मेसालामाइन पोटात घेतले तर ते लहान आतड्यातच शोषले जाते. म्हणून गोळीवर विशिष्ट आवरण असते, जे मोठ्या आतड्याच्या आसपास विरघळते. अशी गोळी फोडून अथवा चावून घेतली तर औषध भलत्याच ठिकाणी संपते. उफाळ्यात दिवसाला साधारण २ ते ४.८ ग्रॅम मात्रा दिली जाते आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. दाह गुदाशयापुरता किंवा आतड्याच्या डाव्या भागापुरता असेल, तर सपोझिटरी वा एनिमा अधिक परिणामकारक ठरतो. तोंडाने आणि गुदद्वारावाटे दोन्हीकडून दिलेले औषध केवळ गोळ्यांपेक्षा सरस. संकोचापोटी हा उपाय नाकारणारे रुग्ण पुष्कळ आहेत. तो संकोच महागात पडतो.

एवढ्याने दाह आटोक्यात आला नाही, तर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड काही आठवडे देऊन मात्रा हळूहळू उतरवतात. १९५५ मध्ये ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनचा उपयोग चाचणीद्वारे सिद्ध केला, तेव्हा तीव्र उफाळ्यात मृत्यूचे प्रमाण भयावह होते. स्टेरॉइड आग विझवते, पण ती पुन्हा लागू नये म्हणून त्याचा उपयोग नाही. शिवाय हाडे ठिसूळ होणे, रक्तशर्करा वाढणे हे धोके आहेतच. आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. अमिबाचा संसर्ग किंवा आतड्याचा क्षय असताना स्टेरॉइड दिले गेले तर अनर्थ होऊ शकतो. म्हणून शौचाची तपासणी आणि कोलोनोस्कोपी आधी व्हायला हवी.

'दाहशामक' या शब्दानेही फसू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सांधेदुखीवरील औषधेही दाहशामकच म्हणवली जातात. मात्र त्यांनी हा विकार उफाळू शकतो. ताप वा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित.

दिवसातून सहा वा अधिक वेळा रक्तमिश्रित शौचाला होत असेल आणि सोबत १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप किंवा नाडीचे ठोके नव्वदहून अधिक असतील, तर घरी वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बरे वाटताच औषध थांबवणे हे उफाळा परतण्याचे एक नेहमीचे कारण आहे. मेसालामाइन वर्षानुवर्षे चालू ठेवता येते, गरोदरपणातही सहसा थांबवावे लागत नाही. फक्त मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिनची तपासणी अधूनमधून करावी. सल्फासॅलाझीन घेणाऱ्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटू शकते, औषध बदलल्यावर ती पूर्ववत होते. विकाराला आठ वर्षे झाली, की कर्करोगाच्या शक्यतेमुळे, त्रास नसला तरी कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागते.