पाचर

परवा लेकीला घेऊन बुटांच्या दुकानात गेलो होतो. ती यंदा नववीत आहे, शाळेच्या तीन हजार मीटरच्या संघात तिची निवड झालीय आणि जुने बूट अंगठ्यापाशी फाटले होते. अर्ध्या तासाचं काम, असं समजून गेलो. दुकानातल्या मुलानं तिला ट्रेडमिलवर पळवलं, मागून चित्रण केलं आणि पडद्यावर हळू गतीत दाखवत म्हणाला, "सर, ताईंचा पाय आत पडतोय. ओव्हरप्रोनेटर आहेत त्या. साधा बूट नका घेऊ, पुढे गुडघे जातील." मग त्यानं एक देखणा जोडा पुढे केला. वजनाला हलका, खाली जाड गादी आणि आतल्या बाजूनं पावलाला आधार. स्टॅबिलिटी शू. किंमत साडेतेरा हजार.

लेक माझ्याकडे बघत होती, मी पडद्याकडे. कारण तो पाय माझ्या ओळखीचा होता. तो माझाच पाय आहे.

१९८३ साली मी सात वर्षांचा होतो. न्हाणीघरातून बाहेर आलो की शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटायचे. ताईचे ठसे गौरीच्या पावलांसारखे, मधे बारीक, नेटके. माझे म्हणजे थापलेली भाकरी! आईच्या ते लक्षात आलं, डॉक्टर झाले आणि निदान ठरलं: सपाट पाय. उपाय म्हणून घोट्यापर्यंतचे काळे लेसवाले बूट आले, आतून चामड्याची पाचर बसवलेले. चार वर्षं ते घातले. वर्गातली मुलं मला 'रणगाडा' म्हणत. पळायला बंदीच होती, त्यामुळे खो-खोच्या वेळी मी गुण लिहायचो. (आई, तू हे वाचणार आहेस हे माहीत आहे. तुझ्यावर राग नाही. तेव्हा सगळेच तसं करायचे.)

तर आता पुन्हा एका पोराच्या पायाखाली पाचर ठेवायची का, हा प्रश्न होता. "विचार करून येतो," म्हणून दुकानातून निघालो. मग दोन आठवडे ही पाचर मुळात आली कुठून ते शोधत बसलो.

आधी तो शब्द. पळताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवर टेकते, मग पाऊल आतल्या बाजूला कलतं, तळपायाची कमान थोडी दबते आणि जमिनीचा दणका त्यात जिरतो. या कलण्याला प्रोनेशन म्हणतात. तो दोष नव्हे, पावलाचं कामच ते. ते 'जास्त' झालं की ओव्हरप्रोनेशन. पण जास्त म्हणजे किती अंश? सगळ्यांना मान्य होईल असा आकडा कधी ठरलाच नाही. आकडा नसलेल्या आजारावर औषध मात्र कित्येक दशकं विकलं गेलं.

पूर्वीच्या धावपटूंना या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. १९५१ साली बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा शिगेकी तानाका अंगठा वेगळा असलेल्या जपानी धाटणीच्या पातळ बुटांत धावला. १९६० साली रोमला अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून जिंकला, त्यामुळे 'अनवाणीच बरं' म्हणणाऱ्यांनी फार खूश होऊ नये :)

मग सामान्य माणूस पळायला लागला. ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बावरमन १९६२ च्या अखेरीस न्यूझीलंडला गेला. तिथे आर्थर लिडियार्डनं साध्यासुध्या लोकांना संथ पळण्याची गोडी लावली होती. बावरमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. आपल्याहून बऱ्याच मोठ्या वयाच्या एका गृहस्थासोबत पळताना त्याची पार दमछाक झाली. परत येऊन त्यानं ओरेगनमध्ये लोकांना जॉगिंगला लावलं आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यावर पुस्तक काढलं. १९७२ साली फ्रँक शॉर्टरनं म्युनिकला मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत पळण्याची लाटच आली. कचेरीत बसणारे चाळिशीचे लोक डांबरी रस्त्यावर रोज आठ-दहा किलोमीटर पळू लागले. गुडघे, नडग्या, टाचा दुखू लागल्या. त्यात नवल काय?

दुखणं आलं की कारण लागतंच. कॅलिफोर्नियातले मर्टन रूट हे पायांचे डॉक्टर बरीच वर्षं 'आदर्श पाऊल' कसं असावं याची मांडणी करत होते. १९७७ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ आला. टाच सरळ उभी, सांधे अमुक रेषेत, वगैरे. त्यात न बसणारं पाऊल सदोष. (पुढे निरोगी माणसांचे पाय मोजले तेव्हा या व्याख्येत न बसणारेच जास्त निघाले. म्हणजे वधूवर मंडळातल्या अपेक्षांसारखंच झालं हे.) पळणाऱ्यांचा लाडका स्तंभलेखक डॉ. जॉर्ज शीहान हाही गुडघेदुखीचं मूळ पावलात शोधा, असं सांगत असे. ते पटण्यासारखं होतं: पाऊल आत कलतं, नडगीचं हाड आत वळतं, गुडघा पिळला जातो. बसल्या जागी पाय हलवून कुणालाही पटेल. पटण्यासारखं असणं आणि खरं असणं यात फरक आहे, हे मात्र तपासायला तीस वर्षं लागली.

बूट तोवर थांबले नाहीत. ब्रूक्स या अमेरिकन कंपनीनं सत्तरच्या दशकात ईव्हीए नावाचा फेस बुटाच्या मधल्या थरात आणला. हलका, मऊ, आत हवेचे बारीक बुडबुडे. आणि १९७७ च्या 'व्हँटेज' या बुटात तोच थर आतल्या बाजूनं जाड ठेवला, पाऊल आत कलू नये म्हणून. पाचर! माझ्या काळ्या बुटातली ती चामड्याची, ही फेसाची. 'रनर्स वर्ल्ड' मासिकानं त्याला पहिला क्रमांक दिला. १९८२ मध्ये 'चॅरियट' आला. त्यात जाडीऐवजी टणकपणा वापरला होता: बाहेरून मऊ फेस, आतून घट्ट फेस, तिरक्या रेषेत जोडलेले. पुढे कित्येक वर्षं धावण्याच्या बुटात आतल्या बाजूला जो राखाडी ठोकळा दिसायचा, त्याचा हा पूर्वज.

यात एक मजेशीर गाठ आहे. पाऊल जास्त आत का कलायचं? काही अंशी त्या मऊ गादीमुळेच! १९८३ साली प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तळांचे बूट घालून लोकांना पळवलं, तेव्हा मऊ तळावर पाऊल जास्त कलतं असं दिसलं होतं. गादी घातली म्हणून पाय डुलला, पाय डुलला म्हणून पाचर मारली, पाचरीनं बूट जड आणि टणक झाला, म्हणून पुन्हा आणखी गादी. सरकारी खात्यात फायली अशाच वाढतात.

नव्वदच्या दशकात हे सगळं तीन फळ्यांवर बसलं. उंच कमान असेल तर मऊ बूट, मध्यम असेल तर स्टॅबिलिटी, सपाट असेल तर मोशन कंट्रोल. ब्रूक्सचा 'बीस्ट' १९९२ चा, असिक्सचा 'जेल-कायानो' १९९३ चा, 'अॅड्रेनलिन' १९९९ चा. आणि फळी कशी निवडायची? ओल्या पावलाचा ठसा बघून. आमच्या शहाबादी फरशीवरची ती परीक्षा आता साऱ्या जगातल्या दुकानांत पोचली होती.

आमच्याकडे ती आली मुंबई मॅरेथॉनबरोबर. २००४ साली ती सुरू झाली आणि दोन वर्षांनी मलाही पळायची हौस आली, कदाचित खो-खोचं उट्टं काढायला. पाय सपाट, म्हणून अर्थातच मोशन कंट्रोल बूट मिळाले. कंपनीचं नाव सांगत नाही. माळ्यावर ते अजून आहेत. काल खाली काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले (बायको घरात नव्हती): एकेक बूट ३९२ ग्रॅम. दुकानातला तो नवा जोडा २६५ च्या आसपास. बुटाचं वजन शंभर ग्रॅमनं वाढलं की पळायला साधारण एक टक्का जास्त शक्ती लागते, असं मोजलेलं आहे. पाच किलोमीटरमध्ये मी प्रत्येक पाय अडीच हजार वेळा तरी उचलतो. त्या बुटांत वर्षभर पळालो. नडग्या दुखत राहिल्या आणि दोष माझ्या पायांचाच, असं समजून मी थांबलो.

त्याच सुमारास कुणीतरी पहिल्यांदा पुरावा मागत होतं. ऑस्ट्रेलियाच्या क्रेग रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे शोधनिबंध चाळले. जाड टाचेचे, पाऊल आवरणारे बूट दिल्यानं दुखापती कमी होतात, असं दाखवणारा एकही धड प्रयोग त्यांना सापडला नाही. हे छापून आलं २००९ मध्ये. अमेरिकन सैन्यातही पाहणी झाली. नव्या जवानांच्या एका गटाला ठशाच्या आकाराप्रमाणे बूट दिले, दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. भूदल, हवाईदल, मरीन, तिन्हीकडे दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नाही. २०१४ मध्ये डेन्मार्कमध्ये पळायला नव्यानं लागलेल्या ९२७ जणांना साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं. आत कलणाऱ्या पावलांना जास्त इजा झाली नाही.

इथे थांबलो असतो तर मला फार बरं वाटलं असतं! पण २०१६ चा लक्झेंबर्गचा प्रयोग आडवा आला. ३७२ धावपटू, सहा महिने, दिसायला सारखेच दोन प्रकारचे बूट, आपल्याला कुठला मिळालाय हे कुणालाच ठाऊक नाही. आधार असलेल्या बुटात दुखापती कमी झाल्या आणि तो फायदा मुख्यतः आत कलणाऱ्या पायांना झाला. आपल्या बाजूचे तेवढे प्रयोग सांगायचे आणि हा गिळायचा, हे काही खरं नाही. तेव्हा माझं मत असं की पाचर थोतांड नाही. ठसा बघून ती प्रत्येकाच्या पायाखाली ठोकणं हे थोतांड.

मुलांच्या पायांचं काय? अमेरिकेत १९८९ साली छापलेल्या एका अभ्यासात सपाट पायांच्या लहान मुलांना तीन वर्षं खास बूट आणि पाचरी दिल्या, काहींना काहीच दिलं नाही. सगळ्यांच्याच कमानी सारख्याच सुधारल्या. म्हणजे माझे काळे बूट उतरायच्या सुमारास हे कळत होतं. आणि १९९२ साली मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांपेक्षा उघड्या चपला बऱ्या निघाल्या. बुटांमुळेच पाय सपाट होतात, असं यातून छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण तो निबंध वाचून मी उठलो आणि गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. अनवाणी.

कॅनडातल्या कॅल्गरीचे बेनो निग यांनी यातून जी वाट काढली ती मला पटली. २००१ मध्ये त्यांच्या चमूनं २०६ सैनिकांना बुटात घालायच्या सहा प्रकारच्या गाद्या दिल्या. ज्याला जी आरामशीर वाटेल ती त्यानं घ्यायची. निवड प्रत्येकाची वेगळी झाली आणि गादी न घेतलेल्या गटापेक्षा या लोकांना दुखापती कमी झाल्या. २०१५ मध्ये निग यांनी थेट मांडलं की पायाला आपला चालण्याचा मार्ग असतो, त्याला कमीत कमी आड येणारा बूट चांगला, आणि तो ओळखायची खूण म्हणजे आराम. कंपन्याही बदलल्या. 'अॅड्रेनलिन'मधून तो ठोकळा २०१८ च्या अखेरीस गेला आणि टाचेच्या दोन्ही बाजूंना कठडे आले. २०२३ च्या तिसाव्या 'कायानो'तूनही पाचर गेली. गाजावाजा नव्या तंत्राचा झाला. आधीचं चुकलं, असं काही कुणी म्हटलं नाही.

गेल्या रविवारी पुन्हा दुकानात गेलो. त्या मुलाला म्हटलं, तीन जोड दे: एक साधा, एक जड आधाराचा आणि तो हलका. नावं आणि किमती सांगू नकोस. पोरगा चांगला होता, दुकानाबाहेरच्या फुटपाथवर पळू दिलं त्यानं. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा आहे का, टाच निसटते का, कमानीखाली काही टोचतंय का, एवढंच मी विचारत होतो. जड जोड तिनं दहा पावलांत काढला. "बाबा, यात मी मोलकरणीच्या सिनेमातल्या राजकन्येसारखी चालतेय," म्हणाली. याचा अर्थ मला कळला नाही. उरलेले दोन तिनं आलटून पालटून तीनदा घातले.

शेवटी घेतला तो हलका, आधाराचाच. साडेतेरा हजारांचा! दुकानातला मुलगा माझ्याकडे बघून हसला. "मी म्हटलंच होतं ना सर, आत पडतो पाय."

"आत पडतो म्हणून नाही घेतला," लेक म्हणाली. "छान वाटतोय म्हणून घेतला."

बुधवारी सरावानंतर घरी आली, पाय धुऊन तशीच ओली फरशीवरून आत गेली. मी मागून पुसायला फडकं घेतलं. भाकऱ्याच आहेत, हुबेहूब. नडग्या दुखतात का विचारलं तर म्हणाली, नाही, भूक लागलीय.