पॅड थाईमधले ‘थाई’ आले कुठून?

१/ १९४२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बँकॉक पुराच्या पाण्याखाली होते. शहराच्या मुख्य रस्त्यांवरून नावा चालत होत्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत थायलंडने जपानच्या बाजूने ब्रिटन आणि अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले होते आणि व्यापार मंदावला होता. अशा काळात, नोव्हेंबर महिन्यात, पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांनी देशबांधवांना एक आवाहन केले : नूडल्स खा!

२/ आवाहनासोबत हिशेबही होता. देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख. प्रत्येकाने रोज एक वाडगा नूडल्स खाल्ले आणि वाडग्याची किंमत ५ सतांग धरली, तर दिवसाला ९ कोटी सतांग, म्हणजे ९ लाख बाट हातोहात फिरतील. शेतकरी, कोळी, दाणे पिकवणारा, गाडीवाला, सर्वांच्या पदरात काही ना काही पडेल. अर्थकारण म्हणून हे गणित भाबडे होते. राजकारण म्हणून मात्र ते विलक्षण होते.

३/ आज बँकॉकच्या पदपथावर उभे राहून गरम पॅड थाई खाणाऱ्या पर्यटकाला हा पदार्थ शतकानुशतके जुना वाटतो. वास्तविक या नावाने त्याची शंभरीही भरलेली नाही. चिनी स्थलांतरितांच्या कढईत तयार झालेली एक पाककृती ‘थाई’ कशी ठरली आणि ते नाव देताना कोणाचे नाव पुसले गेले, याचा मागोवा या थ्रेडमध्ये घेऊ.

४/ प्रारंभ १९३२ पासून करावा लागतो. त्या वर्षी २४ जूनला सैनिकी अधिकारी आणि मुलकी नोकर यांच्या एका गटाने सयाममधील अनियंत्रित राजेशाही संपुष्टात आणली. या गटात फ्रान्समध्ये तोफखान्याचे शिक्षण घेतलेला एक तरुण अधिकारी होता. त्याला मिळालेल्या किताबी नावाचे मूळ संस्कृत रूप मराठी वाचकाला सहज ओळखता येईल : फिबुनसोंगख्राम, अर्थात ‘विपुलसंग्राम’. डिसेंबर १९३८ मध्ये तो पंतप्रधान झाला.

५/ राजा बाजूला सरल्यावर राज्याला बांधून ठेवणारे सूत्र कोणते, हा नव्या सत्ताधाऱ्यांपुढील प्रश्न होता. फिबुन यांचे उत्तर होते ‘राष्ट्र’. १९३९ ते १९४२ या काळात त्यांच्या सरकारने बारा सांस्कृतिक आज्ञापत्रे काढली. त्यांचे थाई नाव ‘रत्थनियोम’. याही शब्दात आपले ‘राष्ट्र’ आणि ‘नियम’ हे दोन शब्द दडलेले आहेत.

६/ २४ जून १९३९ च्या पहिल्याच आज्ञापत्राने देशाचे नाव बदलले. सयामचा थायलंड झाला. पुढील आज्ञापत्रांनी राष्ट्रगीताचा मान, स्वदेशी मालाचा वापर, पोशाख यांबाबत नियम घालून दिले. दिवसात चारपेक्षा अधिक वेळा जेवू नये आणि सहा ते आठ तास झोपावे, इथपर्यंत उपदेश झाला. डोक्यावर टोपी हवी, पानसुपारी नको, हेही सांगण्यात आले. नागरिकाच्या देहावर राष्ट्राची मुद्रा उमटवण्याचा हा प्रयत्न होता. ती मुद्रा त्याच्या ताटापर्यंत पोहोचणे ओघानेच आले.

७/ पण ताटात नूडल्सच का? नूडल्स तर थाई घरांतले अन्नच नव्हते. थाई जेवण म्हणजे भात आणि त्यासोबतची कालवणे. नूडल्स विकत तो चिनी फेरीवाला : खांद्यावर कावड, तिच्या एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला वाडगे, किंवा कालव्यातून वल्हवत आणलेली छोटी होडी.

८/ हे चिनी बहुसंख्येने दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील तेओच्यू भाषक होते. अयुथ्थयाच्या पाडावानंतर १७६७ मध्ये सत्तेवर आलेल्या राजा ताकसिनचे वडीलही तेओच्यूच. १७८२ मध्ये पहिल्या रामाने नदीपलीकडे बँकॉकची उभारणी केली, तेव्हा नव्या राजवाड्याच्या जागेवर राहणाऱ्या चिन्यांना हलवून साम्पेंग येथे वसवण्यात आले. आजच्या बँकॉकमधील चायनाटाउनचे बीज तेच. म्हणजे ज्या शहराने त्यांना पुढे ‘परके’ म्हटले, त्या शहराचे ते पहिल्या दिवसापासूनचे रहिवासी होते.

९/ विसाव्या शतकात वारे फिरले. १९१० मध्ये करवाढीविरोधात बँकॉकच्या चिन्यांनी संप पुकारला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. १९१४ मध्ये राजा वजिरावुध यांनी लेख लिहून चिन्यांना ‘पूर्वेचे ज्यू’ ठरवले. १९३८ मध्ये राजवटीचे प्रमुख प्रचारक विचित्रवाथकान (मूळ ‘विचित्रवादकार’) यांनी एका व्याख्यानात जर्मनीतील ज्यूंचा दाखला देत हीच तुलना पुन्हा केली. त्या वर्षी जर्मनीत काय चालले होते, हे लक्षात घेतले की या तुलनेचे गांभीर्य कळते.

१०/ पाठोपाठ कृती आली. चिनी शाळा आणि वृत्तपत्रे मोठ्या प्रमाणावर बंद करण्यात आली. १९४२ मध्ये अनेक व्यवसाय केवळ थाई नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. आणि याच वर्षी, याच सरकारने, चिनी फेरीवाल्याच्या नूडल्सना राष्ट्रकार्याचा दर्जा दिला. विक्रेत्याला दूर सारून त्याचा वाडगा जवळ करायचा, असा हा व्यवहार होता.

११/ मोहिमेला व्यावहारिक कारणेही होती. तांदूळ हे देशाचे मुख्य निर्यातधान्य. नूडल्स तांदळाच्या पिठापासून होतात, त्यांना तुकडा तांदूळही चालतो, त्यामुळे धान्याची बचत होईल, असे सांगितले जाई. लोकांच्या आहारात भात फार आणि प्रथिने थोडी, ही चिंता होतीच. नूडल्ससोबत अंडे, मासळी, मुगाचे मोड पोटात जातील, असा विचार होता. मोड काढण्याचाही प्रचार झाला. पाककृती वाटण्यात आल्या. थाई लोकांनी स्वतः नूडल्सच्या गाड्या लावाव्यात, यासाठी उत्तेजन देण्यात आले.

१२/ येथे एक काळजी घेणे आवश्यक आहे. ‘फिबुन यांनी पॅड थाईचा शोध लावला’ हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार दिसते. कोणी पाककला स्पर्धेची कथा सांगते, कोणी त्यांच्या घरच्या स्वयंपाकघराची. पदार्थाच्या जनकाबाबत अभ्यासकांमध्ये एकमत नाही. पक्के आहे ते एवढेच : १९४२ ची मोहीम ‘नूडल्स खा’ अशी होती आणि ती सर्व प्रकारच्या नूडल्ससाठी होती. पॅड थाई त्या वातावरणात वाढला. सरकारने शेत नांगरले. त्यात कोणत्या हाताने कोणते बी टाकले, हा वेगळा प्रश्न आहे.

१३/ मग जनक शोधण्याऐवजी पदार्थालाच साक्षीला बोलावू. त्याचे पूर्ण नाव ‘क्वायतिआव फत थाई’. ‘फत’ म्हणजे कढईत परतणे. ‘क्वायतिआव’, अर्थात तांदळाच्या नूडल्स, हा शब्द तेओच्यूंचा. त्यात पडणारे ताओहू (आपण ज्याला तोफू म्हणतो), ‘कुईचाय’ ही लसणाच्या वासाची पात, ‘चायपो’ हा मुरवलेला गोडसर मुळा, ही सारी नावे चिनी बोलींतून आलेली. कढई चिनी, मोठ्या आचेवर झपाट्याने परतण्याची रीतही चिनी. ज्या भाषेच्या शाळा बंद पडल्या, तिचे शब्द ताटात सुखरूप राहिले.

१४/ मग यात ‘थाई’ काय? याचे उत्तर शेजारच्या कढईत मिळते. ‘फत सी-इव’ नावाचा दुसरा पदार्थ त्याच गाड्यांवर मिळतो. तेही परतलेले नूडल्सच, पण सोया सॉसमध्ये. ‘सी-इव’ म्हणजेच सोया सॉस, आणि तो शब्दही तेओच्यू. पॅड थाईमध्ये सोया सॉसची जागा तीन जिन्नस घेतात : चिंचेचा कोळ, माडाचा गूळ आणि माशांपासून मुरवलेले खारट पाणी, ‘नामप्ला’. वर सोडे, दाण्याचे कूट, लाल तिखट, लिंबू. पाककृतीचा सांगाडा चिनी राहिला, चव मात्र थाई घरातली आली. हा खराखुरा बदल आहे, केवळ नावाची पाटी नव्हे.

१५/ आणि ही चवही एका मातीतली नाही. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर खुल्या झालेल्या सागरी व्यापारातून आशियात पसरले. १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतल्यावर त्याच वर्षी आल्बुकर्कने दुआर्ते फर्नांडिस या दूताला अयुथ्थयाच्या दरबारी धाडले. आपल्या रश्श्यातली मिरची आणि बँकॉकच्या गाडीवरची मिरची या एकाच सागरी इतिहासाच्या लेकी आहेत.

१६/ गाडीवर हा सारा इतिहास दोन-तीन मिनिटांत उलगडतो. नूडल्स आधी उकळत नाहीत, पाण्यात भिजवून लवचिक करतात. उरलेले शिजणे कढईतल्या चिंचेच्या रसात होते. पाणी अधिक झाले तर गोळा, कमी झाले तर दाताखाली वाळकी काडी. यासाठी नावाजलेल्या बारीक नूडल्स ‘सेन चान’ चान्थाबुरी प्रांताच्या नावाने ओळखल्या जातात. चान्थाबुरी म्हणजे ‘चंद्रपुरी’. नूडल्स बाजूला सारून अंडे फोडायचे, ते थिजता थिजता सारे एकत्र उलथायचे, शेवटी मोड आणि पात टाकून कढई खाली. ताटलीच्या कडेला कच्चे मोड, केळफुलाची फाक आणि लिंबाची फोड. साखर, तिखट, नामप्ला, मिरचीचा सिरका समोर ठेवलेला असतो; अंतिम चव खाणाऱ्याने ठरवायची. आज्ञापत्रांच्या काळात वाढलेल्या पदार्थात हे एवढे स्वातंत्र्य आहे, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

१७/ आज्ञा काढणारे टिकले नाहीत. १९४४ मध्ये फिबुन यांची सत्ता गेली, १९४८ मध्ये परत आली आणि १९५७ च्या लष्करी उठावाने कायमची संपली. १९६४ मध्ये जपानमध्ये त्यांचा मृत्यू झाला. टोप्यांची सक्ती विस्मृतीत गेली. नूडल्स राहिले, कारण ते स्वस्त होते, भरपेट होते आणि चवीला उत्तम होते. बँकॉकच्या महाचाय रस्त्यावरील ‘थिप समाय’ हे प्रसिद्ध दुकान १९६६ पासून पॅड थाई विकत आहे. नावातले शब्द ‘दिव्य’ आणि ‘समय’.

१८/ राज्यसंस्थेला या ताटलीची पुन्हा आठवण झाली ती २००२ मध्ये. ‘ग्लोबल थाई’ योजनेद्वारे जगभरातील थाई उपाहारगृहांची संख्या सुमारे ५,५०० वरून ८,००० वर नेण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले. पूर्वी पॅड थाईने देशातल्या माणसाला तो थाई आहे हे सांगायचे होते. आता परदेशातल्या माणसाला थायलंड म्हणजे काय ते सांगायचे होते. परदेशी मेन्यूकार्डावर त्याला हमखास जागा मिळाली.

१९/ म्हणून ‘पॅड थाई खरा थाई आहे का?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. तो थाई आहेच. लक्षावधी लोकांनी तीन पिढ्या तो खाऊन थाई केला आहे. परंतु राष्ट्रीय म्हणवल्या जाणाऱ्या कोणत्याही पदार्थाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : नाव देणारा कोण आणि रांधणारा कोण? नाव देणाऱ्याचे भाषण अभिलेखागारात जपले जाते. कावड वाहणाऱ्याचे काहीच जपले जात नाही. तेओच्यू फेरीवाल्याच्या बाबतीत मात्र त्याचे शब्द उरले : क्वायतिआव, ताओहू, कुईचाय, चायपो. बँकॉकच्या प्रत्येक गाडीवर, दर संध्याकाळी, ते आजही उच्चारले जातात.

(थ्रेड समाप्त)