शॉकअपला एकच आकडा का पुरत नाही?

गॅरेजवाला गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडतो. गाडी दोन-तीनदा डुलली की म्हणतो, "शॉकअप गेले." या साध्या चाचणीमागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. संशोधन सुरू करण्याआधी तो वाचून घ्या. मी वाचला नव्हता, आणि ते मला महागात पडलं.

आधी नावाचा घोळ सोडवू. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक अॅब्सॉर्बर त्या स्प्रिंगचं डुलणं थांबवतो, म्हणजे तिच्यातली ऊर्जा उष्णतेत घालवतो. यालाच अवमंदन म्हणतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्रुफो यांनी घट्ट दाबलेल्या चकत्यांचं घर्षण वापरलं. अमेरिकेत हार्टफर्ड यांनी तीच युक्ती बाजारात आणली. पण कोरड्या घर्षणाचं बल वेगानुसार फारसं बदलत नाही. त्यामुळे छोट्या खडबडीवर चकत्या अडकून बसायच्या आणि मोठ्या खड्ड्यात कमी पडायच्या.

मग तेल आलं. १९२७ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला हूदाय पद्धतीचे तेलाचे शॉक अॅब्सॉर्बर होते. तेलाची अडचण उलटी. बारीक छिद्रातून ते ढकललं की बल साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: सावकाश हालचालीत फार मऊ, खड्ड्यात फार कडक. म्हणून दाब वाढला की उघडणारे स्प्रिंगचे व्हॉल्व्ह बसवले गेले. शिवाय शॉकअप दबताना बल कमी आणि लांबताना जास्त ठेवायची पद्धत रुळली. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया स्थापन झाली आणि महाराष्ट्रातही शॉकअप बनू लागले, तोवर हे सगळं शिकून झालेलं होतं.

आणि मी? पाठ्यपुस्तकात असतो तसा 'सी' हा एकच गुणांक समीकरणात टाकून मोकळा. डिसेंबरात गणित आणि मोजमाप छान जुळलं. नागपूरच्या मे महिन्यात तोच नग पुन्हा तपासला, तर बल उतरलेलं! तापलेलं तेल पातळ झालं होतं. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

तेव्हा 'सी' लिहिण्याआधी बल आणि वेगाचा आलेख काढा. दबण्याचा वेगळा, लांबण्याचा वेगळा. आणि वहीत तेलाचं तापमान लिहायला विसरू नका.