क्रोधजय

गोल्फच्या खेळांत चेंडू निश्चल असतो. चळतें तें खेळणाराचें मन. १९२१ सालीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथें १९ वर्षांच्या बॉबी जोन्सनें वाळूंत चेंडू अडकतांच संतापाच्या भरांत सामना सोडला. पुढें त्या अमेरिकन तरुणानें प्रतिस्पर्ध्याकडे न पाहतां ‘पार’शीं, म्हणजे प्रत्येक खळग्यास ठरलेल्या टोल्यांच्या प्रमाणसंख्येशीं, झुंजण्याचा नेम केला. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत चेंडू किंचित् हलला, हें दुसऱ्या कोणी पाहिलें नव्हतें. तरी त्यानें स्वतःस एका टोल्याचा दंड करून घेतला. त्या टोल्यामुळें बरोबरी झाली व फेरलढतींत अजिंक्यपद गेलें. मात्र १९३० सालीं ब्रिटन व अमेरिकेंतील चारी प्रमुख स्पर्धा त्यानें जिंकल्या; त्यांतील पहिली सेंट अँड्र्यूज येथेंच! हें केवळ हस्तकौशल्याचें नव्हे, क्रोधजयाचें फळ होय.